दोघींना एकदम

१

“आत्या, थोरलीनं धाकटीला खाल्लं!”

पुतण्याचा फोन आला तेव्हा आत्या दात घासत होत्या. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून पोट भरलेली दातांची डॉक्टर. स्वतःचे दात घासताना त्या कुणाचाही फोन घेत नसत. आज घेतला, आणि तोंडातला फेस सांभाळत म्हणाल्या, “कशालाही हात लावू नका. मी निघाले.”

तिऱ्हाईतानं हे ऐकलं असतं तर त्या घरात जावा-जावांचं फारच बिनसलंय असं त्याला वाटलं असतं. पण थोरली आणि धाकटी हे दोन मासे होते, वाम जातीचे. सापासारखे लांब, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके. आत्यांच्या दादांच्या बाहेरच्या खोलीत सहा फुटी काचेची खाऱ्या पाण्याची टाकी होती आणि तिच्यात या दोघी नऊ वर्षं नांदत होत्या.

दादा घड्याळजी. दुकान बंद करून पाच वर्षं झाली, कारण हात कापायला लागले. चहाचा कप धरला तरी बशीत अर्धा सांडे. पण लांब चिमट्यात कोळंबीचा तुकडा धरून टाकीपाशी उभे राहिले की तोच हात दगडासारखा स्थिर. का, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. दादांना आता स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच काम उरलं होतं.

गेल्या शनिवारी खुब्याच्या ऑपरेशनसाठी जाताना त्यांनी बहिणीचा हात धरला होता. “दोघींना जशाच्या तशा परत दे. एवढंच मागतो.” आत्यांनी शब्द दिला होता. आज शुक्रवार. दादा संध्याकाळी पाच वाजता घरी येणार होते.

आत्या पोचल्या तेव्हा पुतण्या दारातच उभा. “मी टाकीच्या दुकानदाराला सांगितलंय. चार वाजता तो थोरलीला घेऊन जाईल. बाबांना सांगू की दोघी आजारी पडून गेल्या. एकीनं दुसरीला खाल्लं हे त्यांना सोसणार नाही, आत्या.”

“अरे वा! आरोप तूच केलास, निकाल तूच दिलास, आता बापाला थापही तूच मारणार!” आत्यांनी चपला कोपऱ्यात भिरकावल्या. “माझी तपासणी झाल्याशिवाय कुणालाही उपटायचं नाही. मग तो दात असो की वाम.”

२

टाकीत थोरली दगडाच्या कपारीतून मान बाहेर काढून होती आणि तोंड उघडत होती, मिटत होती.

“बघा, कशी दात विचकतेय,” पुतण्या म्हणाला.

“श्वास घेतेय ती. तिला नाही घेतला तर चालत नाही.” आत्यांनी पिशवीतून आपला छोटा आरसा आणि टॉर्च काढला. निवृत्त झाल्या तरी ही हत्यारं त्यांच्यासोबत फिरत. त्यांनी काचेला नाक लावून, थोरलीचा जबडा उघडेल त्या त्या क्षणी उजेड मारून तोंड तपासलं. दहा मिनिटं. पेशंटनं हू की चू केलं नाही.

“हिचे दात बोथट आहेत. खेकड्याची पाठ फोडायचे दात. हातभर लांबीची दुसरी वाम ही गिळणार कशी? आणि गिळली असती तर पोट नसतं फुगलं? हे बघ, पट्टीसारखं सपाट आहे.”

“मग ती बाहेर उडी मारून गेली असेल.”

“झाकण?”

“बंद होतं. चारही खिट्या लावलेल्या, वर दोन विटा. मी शपथेवर सांगतो.”

आत्या गुडघे धरून खाली बसल्या. “फरशी कधी पुसली?”

“काल सकाळी. आज कुणाला सुचतंय पुसायला?”

आत्यांनी फरशीवर बोट फिरवलं, जिभेला लावलं. पुतण्यानं तोंड फिरवलं. “खारं पाणी वाळलं की पांढरा पापुद्रा उरतो,” त्या म्हणाल्या. “इथे एक टिपूस नाही. म्हणजे काय झालं, ऐक. ती गिळली गेली नाही. वरून बाहेर पडली नाही. आणि टाकीत नाही. खालच्या कपाटात पाहिलंस?”

“उघडून पाहिलं. पंप आहे, बाटल्या आहेत, नेहमीचंच सगळं.”

आत्या उठल्या. बंद टाकीतून हातभर लांबीचा जीव हवेत विरतो, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. कुणीतरी काहीतरी केलं होतं. आणि घड्याळात साडेअकरा वाजले होते.

३

चौकशीआधी आत्या हात धुवायला गेल्या. हात धुणं हा त्यांचा सोपस्कार होता; बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. साबण एका काळ्या, कंगव्यासारख्या दातऱ्यांच्या पट्टीवर निथळत ठेवला होता. साबण कोरडा राहायला बरी युक्ती आहे, असं त्यांच्या मनात आलं आणि गेलं.

सूनबाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. डोळे लाल. ती औषधांच्या दुकानात काम करायची. डॉक्टरांचं अक्षर लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आठवडाभर वामींना खाऊ घालायचं काम तिच्याकडेच होतं.

“काल संध्याकाळी तूच दिलंस ना?”

“हो. सोमवारी दिलं, काल गुरुवारी दिलं. तुमच्या चिठ्ठीप्रमाणे.”

दोघी टाकीपाशी आल्या. चिठ्ठी खालच्या कपाटाच्या दाराला चिकटवलेली होती. दादांनी लंगडत घरभर येरझाऱ्या घालत पाऊण तास सूचना दिल्या होत्या आणि आत्यांनी त्या चार ओळींत बसवल्या होत्या. त्याबद्दल त्या मनातून स्वतःवर खूषही होत्या.

१. दर तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी.
२. कोळंबी, सहा तुकडे.
३. दोघींना एकदम.
४. झाकण, खिट्या, विटा.

बाजूच्या खिळ्यांवर दोन लांब चिमटे लटकत होते. आत्यांनी दोन्ही नाकाशी नेले. एकाला कोळंबीचा वास. दुसऱ्यावर धूळ.

“दुसरा चिमटा आठ दिवसांत कुणी हातात धरला नाही,” आत्यांचा आवाज चढला. “का?”

“मला एकच लागला.”

“तुला एकच लागला! त्यांना खाऊ घालायचं म्हणजे पोळपाट-लाटणं आहे का, एकानं भागायला?”

सूनबाईनं ओठ घट्ट मिटले. मग शांतपणे म्हणाली, “आत्या, यांनाही वाटतं की माझ्याच हातून काहीतरी झालं. तोंडानं म्हणत नाहीत. पण चिठ्ठीत होतं तेच मी केलं. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.” ती वळली. मग जाता जाता, “आणि आज सकाळपासून टाकी गुळण्या करतेय. तेही माझ्यामुळेच असेल.”

आत्यांनी ते कानाआड केलं. पुढे त्याचा त्यांना फार पश्चात्ताप झाला.

दारावर टकटक झाली. समोरच्या घरातले फोटोवाले हातात मोठी चौकट घेऊन उभे होते, वर कागद गुंडाळलेला. टाकीकडे नजर गेली आणि त्यांनी ती चौकट पटकन पाठीमागे लपवली.

४

“काय आहे ते?” आत्यांनी विचारलं.

“काही नाही. नंतर येतो.”

“तुम्ही या. खुर्चीत बसा. आणि ते इकडे द्या.” चाळीस वर्षांत आत्यांच्या ‘खुर्चीत बसा’ला कुणी नाही म्हणालं नव्हतं. फोटोवाले बसले. आत्यांनी कागद फाडला.

टाकीचाच फोटो होता. दादा घरी येणार म्हणून भेट द्यायला काढलेला. काल संध्याकाळी, सूनबाई खाऊ घालत असताना. आणि फोटोत धाकटी होती! टाकीच्या अगदी मधोमध कोळंबीचा ढीग, ढिगाच्या एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी, दोघींची तोंडं एकाच तुकड्यावर.

“काय हसऱ्या दिसतात ना?” फोटोवाले चाचरत म्हणाले. “म्हणून हाच मोठा केला.”

“हसऱ्या? अहो, दुसऱ्याच क्षणी एकीनं दुसरीला धरलं असणार.”

फोटोवाल्यांनी मान खाली घातली. “धरलं. गालाला. दोघींच्या गाठी बसल्या, पाणी ढवळलं. मग सुटल्या. मला वाटलं, खेळतायत.”

आत्या फोटोत काहीतरी शोधत होत्या. कधी एक्स-रे पाहताना एखादा दात कमी भरावा तसं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी खऱ्या टाकीकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे. “धाकटीचं घर कुठाय? डाव्या टोकाला पांढरा प्लास्टिकचा नळ असायचा, हाताएवढा तुकडा. ती त्यात राहते. थोरली कपारीत, धाकटी नळात. नऊ वर्षांची वाटणी आहे ती.”

फोटोवाले खुर्चीतून उठायला लागले.

“फोटोवाले?”

“तो… शोभत नव्हता हो. पांढराफेक. उजेड नुसता त्याच्यावरच पडायचा. मी म्हटलं, फोटोपुरता काढू. मग मारामारीत राहून गेला. माझ्या गॅलरीत आहे.” फोटोवाल्यांचे डोळे भरले. “मी तिला बेघर केलं, नाही का?”

“केलंत,” आत्या म्हणाल्या. उगाच खोटा धीर देणं त्यांना कधी जमलं नाही. “जा, नळ घेऊन या. साबण लावू नका.”

म्हणजे चावा बसला आणि पळायला घर नव्हतं. इथवर ठीक. पण पळाली ती कुठे? आत्यांनी फोन उचलला. मंगळवारी पंपवाला येऊन गेला होता. टाकीला हात लावणारा तोच एक उरला होता.

“सगळं धुतलं, सगळं जागच्या जागी बसवलं,” पंपवाला ठासून म्हणाला. “पंप, नळ्या, गाळणीची पिशवी, जाळी.”

“कसली जाळी?”

“कोपऱ्यातल्या खोक्यावरची. वरचं पाणी त्या खोक्यात पडतं आणि नळीतून खालच्या कपाटातल्या टाकीत जातं. खोक्याच्या तोंडावर जाळी असते, मासे आत जाऊ नयेत म्हणून. काळी, कंगव्यासारखी. बेसिनपाशी निथळायला ठेवली होती मी, मग…” पलीकडून ‘अरे देवा’ ऐकू आलं. “मग मला एक फोन आला, बाई.”

आत्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हातांना अजून साबणाचा वास येत होता.

५

“कपाट उघडा!” आत्या ओरडल्या. “गुळण्या! टाकी गुळण्या करतेय, ती म्हणाली होती आणि मी, चाळीस वर्षं लोकांना गुळण्या करायला लावणारी बाई, ऐकलं नाही!”

तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती. फोटोवाल्यांची गॅलरी, त्यांच्या अश्रूंची समजूत आणि पंपवाल्याला गाठण्यात दुपार सरली होती. पुतण्यानं कपाटाचं दार उघडलं. पुढे पंप, बाटल्या, नेहमीचंच. आत्या फरशीवर आडव्या झाल्या आणि आरसा आत घातला. मागच्या अंधाऱ्या कप्प्यात वरून येणारी नळी एका जाड कापडी पिशवीत उतरत होती. नेहमी तिथे पाणी सरळ पडायचं. आज ते अडत होतं, गुडगुडत होतं, धक्क्याधक्क्यानं येत होतं.

पिशवी जड दिसत होती. आणि हलत होती.

“बादली. टाकीतलंच पाणी. नळाचं घेतलंस तर तुला दत्तक देईन कुणाला तरी!” पुतण्यानं बादली आणली. सूनबाई न सांगता शेजारी येऊन बसली. तिनं पिशवीचा तळ धरला, आत्यांनी तोंड धरलं, आणि दोघींनी मिळून ती अलगद बादलीत उतरवली. पिशवीच्या घडीतून एक ठिपकेदार तोंड वर आलं. उघडलं, मिटलं. उघडलं, मिटलं.

“जिवंत आहे,” सूनबाई म्हणाली आणि रडायलाच लागली. आत्याही रडल्या असत्या, पण जखम तपासायची होती. गालावर अर्धचंद्राकार बोथट वण. खोल नव्हता. अंगावरून वाहतं पाणी जात राहिलं म्हणून बाई वाचली होती.

तेवढ्यात टाकीचा दुकानदार पिंप घेऊन दारात हजर. चार म्हणजे चार. “भांडणारी कुठली? मोठी ना?”

“भांडणारी कुणी नाही,” आत्या उठून म्हणाल्या. “यांना दिसतं कमी, वास येतो जास्त. एका ढिगावर दोन तोंडं आली की ज्याच्या तोंडाला कोळंबीचा वास, त्याला चावा बसतो. वहिनी असो की नणंद. तुम्ही पिंप रिकामंच न्या. पण तुमच्याकडे भोकांचा प्लास्टिकचा पत्रा असतो ना, टाकीत आडवा बसणारा? तो द्या. दोन आठवडे मधे पडदा. दोघींना एकमेकींचा वास येऊ दे, दात पोचू देऊ नका. दगड पण हलवू, म्हणजे ही जागा माझी असं कुणालाच म्हणता येणार नाही.”

दुकानदारानं पत्रा आणून दिला. साडेचारला नळ आपल्या जागी, जाळी आपल्या जागी, मधे पडदा. धाकटी नळात शिरली आणि शेपटीसकट दिसेनाशी झाली.

पुतण्यानं सुस्कारा सोडला. “म्हणजे नळ काढला फोटोवाल्यांनी, जाळी विसरला पंपवाला. आणि ढीग…” त्यानं बायकोकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

सोडलेलं वाक्य सगळ्यांना ऐकू आलं.

“सोमवारी पण मी असाच ढीग ठेवला होता,” सूनबाई म्हणाली. “तेव्हाही ओढाताण झाली. पण धाकटी आपला तुकडा घेऊन नळात गेली. मला वाटलं, असंच खातात. लिहिलंच आहे ना तसं. दोघींना एकदम. वेगवेगळं, थोडं थोडं नाही; सगळं एकदम. सहाही तुकडे.”

आत्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं. तिसरी ओळ त्यांच्याच ठसठशीत अक्षरात त्यांच्याकडे बघत होती.

६

दादा येरझाऱ्या घालत काय म्हणाले होते ते आता त्यांना शब्दन् शब्द आठवलं. “दोन चिमटे घ्यायचे. एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला. दोघींना एकाच वेळी तोंडापाशी न्यायचं, म्हणजे एकीला दुसरीच्या घासाचा वास लागत नाही. मधे कधीही काही टाकायचं नाही.” आणि आत्यांनी, सगळं आयुष्य ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ असं लिहीत आलेल्या आत्यांनी, त्याचे दोन शब्द केले होते. दोघींना एकदम. एकदम म्हणजे एकाच वेळी. एकदम म्हणजे सगळं एका फटक्यात. डॉक्टरनं लिहिलेलं औषधवालीनं जसंच्या तसं दिलं होतं. कोणत्याही दुसऱ्या घरात कुणीतरी विचारलं असतं, म्हणजे काय हो? पण सूनबाई चिठ्ठीला प्रश्न विचारणाऱ्यांतली नव्हती, आणि आत्यांच्या चिठ्ठीला तर नाहीच.

खाली गाडी थांबली. पुतण्या धावत गेला. दादा काठीच्या आधारानं, पुतण्याच्या खांद्यावर रेलून आत आले. खुर्चीकडे गेलेच नाहीत. सरळ टाकीपाशी. मधला पडदा पाहिला, हललेले दगड पाहिले. नळातून गाल बाहेर आला तेव्हा गालावरचा वण पाहिला.

“कुणी केलं?”

पुतण्यानं तोंड उघडलं. सूनबाई खाली बघत होती. सगळे पुरावे हजर होते. फोटो, जाळी, एक धुळकट चिमटा. फोटोवाले आणि पंपवाला आपापल्या परीनं कबूल झाले होते. खरं तर त्यांच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. आत्यांना क्षणभर ते सुचलंही, आणि स्वतःचाच राग आला.

“मी,” त्या म्हणाल्या. त्यांनी चिठ्ठी कपाटावरून ओरबाडून दादांच्या हातात दिली. “बाकीच्यांनी चुका केल्या, पण सुरुवात इथून झाली. तू पाऊण तास सांगितलंस आणि मी दोन शब्द लिहिले. हिनं ते अक्षरशः पाळले. आणि वर मीच हिला आज सकाळी पोळपाट-लाटण्यावरून बोलले. सूनबाई, माझं चुकलं. साफ चुकलं.”

दादांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. कागद हातात फडफडत होता. त्यांनी तो दोनदा वाचला.

“लहानपणी हिला आईनं वाण्याकडे पाठवलं,” ते शेवटी सुनेला म्हणाले, “तर यादी वाचायचा कंटाळा म्हणून ही सांगायची, ‘नेहमीचं द्या.’ वाणी दर वेळी हळदच बांधून द्यायचा, आणि आम्ही महिनाभर हळदच खाल्ली.”

सूनबाई हसली. आत्यांना हसू आलं नाही. त्यांनी कोरा कागद घेतला आणि त्याच रात्रीच्या जेवणाआधी, दादांच्या समोर बसून, पाऊण तास लिहीत राहिल्या. दोन पानं झाली. दादा मधून मधून “पुढे?” म्हणत होते, आणि त्या पुढे लिहीत होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे टाकीपाशी जमले. दादांना अजून फार वेळ उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्यांची खुर्ची उजव्या टोकाला, थोरलीसमोर. त्यांच्या हातात चिमटा दिला तेव्हा हात कापत होता. पाण्यात गेला आणि थांबला. डाव्या टोकाला, नळासमोर, धूळ पुसलेला दुसरा चिमटा घेऊन सूनबाई.

आत्या मधोमध उभ्या, हातात दोन पानं.

“आत्या,” सूनबाईनं चेहरा अगदी गंभीर ठेवून विचारलं, “एकदम म्हणजे नक्की कसं?”

“एकाच वेळी, बाई. एकाच वेळी, दोन टोकांना, दोन चिमट्यांनी.” आत्यांनी पानं खाली ठेवली. “चला. एक, दोन…”

“तीन,” दादा म्हणाले.